फार्मसीला प्रवेश: जागा मिळेल, पण कुठली?

नीटचे गुण हातात पडतात, एमबीबीएसची आशा मावळते आणि घरात कुणीतरी म्हणतं, "मग बी. फार्मसीला टाकू." महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींचा औषधशास्त्राशी पहिला परिचय असा होतो. त्यानंतरचे दोन-तीन महिने सगळं घर एकाच काळजीत असतं: नंबर लागेल का? आज या राज्यात ही काळजी बरीचशी अनाठायी आहे. बी. फार्मसीच्या पात्रतेसाठी बारावीला खुल्या गटात ४५ टक्के आणि राज्यातल्या मागासवर्गीयांना ४० टक्के गुण पुरतात. सीईटीत शून्याहून अधिक गुण असले की गुणवत्ता यादीत नाव येतं. प्रवेशफेऱ्या संपतात तेव्हा दर वर्षी हजारो जागा रिकाम्या राहिलेल्या असतात. म्हणजे नंबर बहुतेकांचा लागतो. तो कुठे लागतो आणि कशासाठी लागतो, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही. जागा दुर्मीळ होत्या त्या काळात ही प्रवेशप्रक्रिया घडली. आता दुर्मीळ झालंय ते चांगलं महाविद्यालय. पालक, विद्यार्थी आणि शासन मात्र अजून जागेच्याच हिशोबात अडकलेले आहेत.

हे असं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. आपल्याकडे औषधशास्त्राचं विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी सुरू केलं. त्याआधी दवाखान्यात औषधं मिसळून देणारा कंपाउंडर तयार करण्यापुरतं शिक्षण होतं. १९४८ साली फार्मसी कायदा आला आणि त्यातून भारतीय फार्मसी परिषद उभी राहिली. कुठलं महाविद्यालय शिकवू शकतं आणि कुठल्या पदविकेवर वा पदवीवर औषधविक्रेता म्हणून नोंदणी होते, हे ठरवण्याचा अधिकार त्या कायद्याने या परिषदेला दिला. मुंबईत कलिन्याला बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ साली सुरू झालं, ते भारतीय औषधनिर्माण संघटनेच्या राज्य शाखेच्या पुढाकाराने. अमरावती, कराड, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी महाविद्यालयं, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, नागपूर विद्यापीठाचा विभाग, पणजीचं गोवा कॉलेज ऑफ फार्मसी ही बराच काळ मोजकी, ठळक नावं होती. तिथे शिरायचं तर खरोखर चढाओढ असे.

मग खासगी महाविद्यालयं वाढत गेली, आणि गेल्या काही वर्षांत ही वाढ भरधाव झाली. अभियांत्रिकीच्या जागा ओस पडू लागल्या तेव्हा अनेक संस्थाचालकांनी त्याच आवारात फार्मसीची पाटी लावली. नवं महाविद्यालय निघणं कठीण नव्हतं. परिषदेलाही ही वाढ काळजीची वाटली आणि तिने २०१९ मध्ये नव्या पदविका व पदवी महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली. ही बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. शिक्षणसंस्था काढण्याच्या मूलभूत हक्कावर बंधन घालायचं तर कायदा हवा, परिषदेचा नुसता ठराव पुरत नाही, असं न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. कायद्याच्या अंगाने निकाल बरोबर होता. विद्यार्थ्यांच्या अंगाने पाहिलं तर त्यानंतर परवानग्यांचा पूर आला. त्याआधी, मार्च २०२० मध्ये, विदर्भातल्या एका महाविद्यालयाच्या निमित्ताने आणखी एक वाद मिटला होता. फार्मसीच्या शिक्षणावर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा अधिकार चालतो की फार्मसी परिषदेचा, यावर न्यायालयाने फार्मसी परिषदेच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून दर्जाची सगळी जबाबदारी एकाच दारी आली आहे. ती किती पाळली जाते, याचा अनुभव प्रवेशाच्या मोसमात येतो. त्याकडे पुढे येतो.

आधी अभ्यासक्रम. तीन वाटा आहेत, आणि त्या एकमेकींच्या स्वस्त-महाग आवृत्त्या आहेत असं समजणं ही सगळ्यात सार्वत्रिक चूक. डी. फार्मसी ही दोन वर्षांची पदविका. तिला सीईटी लागत नाही. बारावी विज्ञानाच्या गुणांवर तंत्रशिक्षण संचालनालय प्रवेश देतं आणि परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. वर्गातला अभ्यास संपला की किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि मग नोंदणी. ज्याला गावात स्वतःचं मेडिकल टाकायचंय, त्याच्यासाठी ही वाट सरळ आणि सन्मानाची आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याच्या पदासाठीही ती उपयोगी पडते. फक्त एक गोष्ट लक्षात असू द्या: परिषदेने २०२२ च्या नियमांनी पदविकेनंतर नोंदणीपूर्व परीक्षा आणली आहे. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के आणि तेही एकाच खेपेला. दोन वर्षं कशीबशी काढली की प्रमाणपत्र भिंतीवर, ही समजूत आता बाजूला ठेवलेली बरी. राज्य परिषद सध्या नोंदणीसाठी काय मागते, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावं.

बी. फार्मसी चार वर्षांची, आठ सत्रांची. कारखान्यातलं उत्पादन, गुणवत्ता तपासणी, संशोधन, औषधांच्या नोंदणीची कागदपत्रं, दुष्परिणामांची देखरेख, औषध निरीक्षकाची लोकसेवा आयोगाची परीक्षा या सगळ्यांचं दार पदवीने उघडतं. बोईसर-तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ, वाळूज, गोव्यातलं वेर्णे इथल्या औषध कारखान्यांत बी. फार्म आणि एम. फार्म झालेली आपली मुलं मोठ्या संख्येने आहेत. गणित घेतलेल्यांना पहिल्या सत्रात जीवशास्त्राचा पूरक विषय असतो आणि जीवशास्त्रवाल्यांना गणिताचा. म्हणून बारावीला कुठला गट घेतला यावरून घाबरायचं कारण नाही. रसायनशास्त्राचा कंटाळा असेल तर मात्र पुन्हा विचार करा, कारण चारही वर्षं ते कुठल्या ना कुठल्या नावाने समोर येत राहतं. पदविका झालेल्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतलं जातं. दोन आणि तीन मिळून पाच वर्षं होतात, पण आर्थिक ओढाताण असलेल्या घरांसाठी ही सोय फार मोलाची आहे. मधल्या टप्प्यावरच हातात नोंदणीपुरती पात्रता येते.

तिसरी वाट फार्म. डी. ती २००८ साली आली: पाच वर्षं वर्गात आणि रुग्णालयात, सहावं वर्ष पूर्ण आंतरवासितेचं. इथे औषध बनवण्यापेक्षा रुग्णाला ते कसं, किती आणि कशाबरोबर द्यायचं हे शिकवतात. म्हणून अशा महाविद्यालयाला किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची जोड लागते. अमेरिकेत औषधविक्रेता म्हणून काम करण्याचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे आधीच जाणून घ्यावं: २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी उमेदवारांकडून तिथे किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम मागितला जातो. आपली चार वर्षांची बी. फार्मसी त्यात बसत नाही, फार्म. डी. बसते. पण नावापुढे डॉक्टर लागेल एवढ्याच आशेने सहा वर्षं आणि त्या वर्षांची फी पणाला लावू नये. आपल्या रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टची पदं अजून फार थोडी आहेत.

आता सीईटी. राज्याच्या सीईटी कक्षाकडून होणाऱ्या या परीक्षेत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. जीवशास्त्राचे १०० प्रश्न आणखी ९० मिनिटांत. गणिताचे प्रश्न ५०, प्रत्येकी दोन गुणांचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रश्नांचा मोठा वाटा बारावीचा, साधारण पाचवा हिस्सा अकरावीचा. गोंधळ होतो तो निकालाच्या दिवशी. ८० पर्सेंटाईल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. त्या गटात बसलेल्या दर शंभरांतले सुमारे ऐंशी तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. गणित गट आणि जीवशास्त्र गट यांचे पर्सेंटाईल वेगवेगळे काढले जातात आणि फार्मसीच्या यादीत ते शेजारी शेजारी बसतात. ज्यांना जमेल त्यांनी दोन्ही गट द्यावेत. जो आकडा सरस, तो कामी येतो.

यानंतर सुरू होते ती केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया, सगळ्यांच्या तोंडी कॅप राउंड. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी, मग ऑप्शन फॉर्म. यातला ऑप्शन फॉर्म हा खरा निर्णय, आणि नेमका तोच सायबर कॅफेतल्या दादाच्या हाती सोपवून माणसं मोकळी होतात. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या यादीत जीओपनएच, एलओबीसीओ अशी अक्षरं दिसतात. ती समजून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. पहिलं अक्षर सर्वसाधारण जागा की मुलींची हे सांगतं, मधलं प्रवर्ग, शेवटचं गृह विद्यापीठ, इतर विद्यापीठ की राज्य पातळीवरची जागा. कोल्हापूरच्या मुलीने पुण्याच्या महाविद्यालयाचा गृह विद्यापीठाचा आकडा पाहून आनंदी किंवा दुःखी होणं व्यर्थ आहे, तो तिच्यासाठी नाहीच. पसंतीक्रम लावताना एक नियम पक्का ध्यानात ठेवा: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप कायम होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच महाविद्यालय लिहा जे मिळालं तर मागे वळून पाहावंसं वाटणार नाही. "आधी सोपं टाकू, मग बेटरमेंट करू" या सल्ल्याने दर वर्षी चांगल्या गुणांची मुलं मनात नसलेल्या ठिकाणी अडकतात.

कागदपत्रांचं दुखणं जुनं आहे आणि ते गरिबांच्या वाट्याला जास्त येतं. जातीचा दाखला घरात असतो, जात वैधता प्रमाणपत्र नसतं. अकरावीतच अर्ज केला तर ते हाती येतं, निकालानंतर धावपळ केली तर येईलच असं नाही. ते वेळेत सादर झालं नाही तर उमेदवार खुल्या गटात ढकलला जातो. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. अनेकांकडे तो एका वर्षाने शिळा असतो. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही चालू वर्षाचाच लागतो.

फीविषयी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण तिच्या अज्ञानाने घरं कर्जात जातात. खासगी महाविद्यालयाची फी संस्थाचालक मनाने ठरवत नाहीत. २०१५ च्या राज्य कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवून देतं आणि प्रत्येक महाविद्यालयाचा आकडा प्रसिद्ध होतो. त्याहून एक रुपया जास्त मागणं बेकायदा आहे आणि देणगी तर १९८७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या अशा घरांतील मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. मात्र हा लाभ कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला आहे. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला तो मिळत नाही. "फेऱ्यांच्या भानगडीत कशाला पडता, थेट आमच्याकडे या" असं गोड बोलून बोलावणाऱ्याच्या मागे जाणाऱ्या मुलीला चार वर्षांची माफी गमवावी लागते. हे तिला कुणी सांगत नाही.

आणि आता तो प्रश्न, ज्यासाठी एवढं लिहिलं. महाविद्यालय निवडायचं कसं? कागदावर पहिली गोष्ट तपासायची ती फार्मसी कायद्याच्या कलम १२ खालची मान्यता. अभ्यासक्रम चालवण्याची वार्षिक परवानगी वेगळी आणि ही वेगळी. नव्या महाविद्यालयाला ती पहिली तुकडी शेवटच्या वर्षात पोचल्यावर तपासणी होऊन मिळते. ती नसेल तर पदवी हातात असूनही नोंदणी अडते. नवं महाविद्यालय निवडणारा विद्यार्थी हा धोका पत्करत असतो, आणि निदान तो माहीत असताना पत्करावा. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचं मानांकन अभ्यासक्रमाला मिळतं, नॅकचं संस्थेला. जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ असते, म्हणून कुठलं आहे ते नीट वाचावं.

पण कागद पुरत नाहीत. एक दिवस मोडून महाविद्यालयात जा, तेही सुट्टी नसलेल्या दुपारी. फार्मसी हा हातांनी शिकण्याचा विषय आहे. प्रात्यक्षिकाच्या तुकडीत वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, हा परिषदेचा नियम आहे. प्रयोगशाळेत त्या वेळी किती मुलं आहेत आणि कोण शिकवतंय, एवढं पाहिलं तरी अर्धं उत्तर मिळतं. गोळ्या बनवायचं यंत्र चालू आहे की धूळ खात झाकलेलं? गोळी किती वेळात विरघळते ते मोजणारं उपकरण, स्पेक्ट्रोफोटोमीटर यांच्या वापराच्या वह्या भरलेल्या आहेत का? औषधी वनस्पतींची बाग नियमाने असावी लागते. तिथे अडुळसा आणि शतावरी खरोखर वाढतेय की नुसत्या पाट्या उभ्या आहेत? तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं भेटली तर विचारा की गेल्या सत्रात किती शिक्षक बदलले. परिषदेच्या तपासणीच्या आठवड्यापुरते दिसणारे आणि एरवी गायब असणारे शिक्षक हा या क्षेत्रातला उघडा रोग आहे, आणि मुलं तो लपवत नाहीत. शेवटी जीपॅटचं विचारा. एम. फार्मसीच्या या देशपातळीवरच्या परीक्षेत पात्र ठरून प्रवेश घेणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपयांचं विद्यावेतन मिळतं. ज्या महाविद्यालयातून दर वर्षी काही मुलं जीपॅट पात्र होतात, तिथे कुणीतरी मनापासून शिकवतंय असं समजायला हरकत नाही. प्लेसमेंटच्या मोठ्या फलकापेक्षा ही खूण खरी.

हे सगळं विद्यार्थ्यांनी करायचं, मग शासन आणि परिषद काय करतात? इथे मला खरी चीड येते. अभियांत्रिकीचे वर्ग सुरू होऊन सत्र परीक्षा तोंडावर आलेली असते आणि फार्मसीच्या फेऱ्या अजून चालूच असतात. २०२४ मध्ये ऑक्टोबर उलटला तरी मुलं जागावाटपाची वाट पाहत होती. कारण साधं आहे: परिषदेच्या महाविद्यालयनिहाय परवानग्या वेळेत येत नाहीत, त्या आल्याशिवाय सीईटी कक्ष जागांचा तक्ता लावू शकत नाही, आणि एखादं महाविद्यालय न्यायालयात गेलं की सगळंच थांबतं. या काळात मुलं करतात काय? धीर सुटलेली बी. एस्सी.ला प्रवेश घेतात, मूळ दाखले तिथे जमा करतात, मग फार्मसीला नाव लागल्यावर दाखले आणि फी परत मिळवण्यासाठी हेलपाटे घालतात. ज्यांना शहरात खोली घेऊन राहायचं आहे त्यांना वसतिगृह मिळत नाही, ती कधीच भरलेली असतात. आणि पहिलं सत्र, ज्यात शरीररचना आणि औषधविश्लेषणाचा पाया घातला जायचा, ते काही आठवड्यांत उरकलं जातं. पहिल्या वर्षी नापास होणाऱ्या मुलांना आपण अभ्यासू नाहीत म्हणतो. त्यांना शिकायला किती आठवडे दिले, हे कुणी मोजत नाही.

हा उशीर आणि ही बेसुमार वाढ ज्या मागणीवर पोसली जाते, तिचा एक भाग पोकळ आहे हेही मान्य करायला हवं. औषधविक्रीच्या परवान्याला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, त्याच्याच देखरेखीखाली औषध दिलं गेलं पाहिजे, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात प्रमाणपत्र दुकानात टांगायचं आणि माणसाने दुसरीकडे नोकरी करायची, ही भाड्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यात फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर जोरदार कारवाई झाली होती आणि विक्रेत्यांनी तिला तितकाच जोरदार विरोध केला होता. जोपर्यंत प्रमाणपत्राला भाडं मिळतं, तोपर्यंत शिकवण्याची तसदी न घेणाऱ्या महाविद्यालयांनाही विद्यार्थी मिळत राहणार. आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या आजीला तिची रक्त पातळ करणारी गोळी कुठल्या दुखण्याच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, हे सांगणारं कुणी नसणार. प्रवेशाचा प्रश्न त्या आजीपर्यंत पोचतो, म्हणून तो केवळ बारावीच्या मुलांचा नाही.

परिषदेने पुढच्या वर्षीच्या सगळ्या परवानग्या मेअखेर जाहीर कराव्यात. त्यानंतर आलेली परवानगी त्या वर्षासाठी धरू नये. राज्याने प्रत्येक महाविद्यालयाच्या नावापुढे कलम १२ ची स्थिती, शिक्षकांची खरी संख्या आणि गेल्या तीन वर्षांत भरलेल्या जागा ऑप्शन फॉर्मच्याच पानावर दाखवाव्यात. ही माहिती सरकारकडे आहे, ती मांडायला नवा कायदा लागत नाही. आणि ते होईपर्यंत, विद्यार्थी मित्रांनो, यादी लांब करण्यासाठी अनोळखी नावं भरू नका. पाहून आलेली, चौकशी केलेली, जिथे चार वर्षं काढायची तयारी आहे अशीच महाविद्यालयं लिहा. जागा शेवटच्या फेरीनंतरही उरतात.